वर्ण आणि जाति : त्यांचा अर्थ व उगम

आपल्या समाजांत मनुष्याची ओळख सांगतांना 'वर्ण' आणि 'जाति' हे दोन शब्द वारंवार कानीं पडतात. पुष्कळांचा असा समज असतो कीं, हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत; मूळचे वर्ण चार, त्यांनाच पुढें फांटे फुटून आजच्या जाती झाल्या, आणि ही सर्व व्यवस्था सृष्टीच्या आरंभापासून जशीच्या तशी चालत आली आहे. हा समज इतका रूढ आहे कीं, सुशिक्षित मंडळीहि त्याविषयीं सहसा शंका घेत नाहींत. परंतु विद्यार्थिमित्रहो, इतिहासाच्या कसोटीवर तो टिकत नाहीं. वर्ण ही एक गोष्ट आहे व जाति ही दुसरी. आणि दोहोंनाहि त्यांचा काळ आहे, कारणें आहेत व क्रमाक्रमानें झालेली वाढ आहे. जी गोष्ट मनुष्यांच्या हातून काळाच्या ओघांत घडली, ती मनुष्यांच्या हातून बदलूंहि शकते. हें ध्यानीं यावें म्हणून या विषयाची थोडी फोड करून पाहूं.

प्रथम 'वर्ण' हा शब्द घेऊं. व्याकरणाच्या तासाला आपण वर्णमाला शिकतों, तेथें वर्ण म्हणजे अक्षराचा ध्वनि. 'गौरवर्ण', 'श्यामवर्ण' असे शब्द आपण वापरतों, तेथें वर्ण म्हणजे रंग. आच्छादणें या अर्थाच्या 'वृ' धातूपासून हा शब्द झाला असें बहुतेक कोशकार मानतात. वस्तूवर पसरलेलें बाह्य आवरण, तो तिचा रंग. ऋग्वेदांत 'आर्य वर्ण' आणि 'दास वर्ण' असे प्रयोग आढळतात. तेथें परस्परांशीं झगडणारे दोन लोकसमूह अभिप्रेत आहेत. एकाच समाजांतील चार वर्ग नव्हेत.

चारहि वर्गांचीं नांवें एकत्र आलीं आहेत असें एकच स्थळ ऋग्वेदांत आहे, तें म्हणजे दहाव्या मंडलांतील पुरुषसूक्त. विराट पुरुषाचें मुख तो ब्राह्मण, बाहु तो राजन्य, मांड्या तो वैश्य, आणि पायांपासून शूद्र झाला, असें तेथें वर्णन आहे. सबंध ऋग्वेदांत १,०२८ सूक्तें असतां ही गोष्ट एकाच सूक्तांत यावी, आणि तें सूक्तहि भाषेवरून मागाहूनचें ठरणाऱ्या मंडलांत असावें, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. शिवाय त्या सूक्तांत 'वर्ण' हा शब्दच नाहीं. आणि एका वर्गानें दुसऱ्याशीं विवाह करूं नये किंवा त्याच्या हातचें खाऊं नये, असें एक अक्षरहि नाहीं. मुख वर व पाय खालीं हा क्रम मात्र त्यांत आहे, आणि पुढील काळांत याच क्रमावर उच्चनीचतेची इमारत उभी राहिली.

त्याच ऋग्वेदाच्या नवव्या मंडलांत एक सूक्तकर्ता आपल्या घराविषयीं सांगतो कीं, आपण स्वतः कवि आहों, पिता वैद्य आहे आणि माता दगडावर धान्य दळते. एका कुटुंबांत तीन प्रकारचीं कामें करणारीं माणसें होतीं व तें सांगण्यांत त्याला कांहीं संकोच वाटला नाहीं. यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेच्या तिसाव्या अध्यायांत सुतार, कुंभार, लोहार, रथ करणारा, रत्नकार अशा कितीतरी कारागिरांचीं नांवें येतात. धंदे तर होतेच. परंतु धंदा म्हणजे जाति, असें समीकरण त्या काळीं अद्याप पक्कें झालेलें नव्हतें.

पुढें यज्ञयागांचें प्रस्थ वाढलें, राज्यें मोठीं झालीं, आणि धर्मसूत्रें व स्मृति यांतून चार वर्णांचीं कर्तव्यें निश्चित करण्यांत आलीं. अध्ययन, अध्यापन व याजन हें ब्राह्मणाचें, प्रजारक्षण क्षत्रियाचें, शेती, गोपालन व व्यापार वैश्याचा, आणि या तिघांची सेवा शूद्राची. पहिल्या तिघांना उपनयनाचा अधिकार, म्हणून ते 'द्विज'. चौथ्याला तो नाहीं, आणि म्हणून वेदाध्ययनाचें द्वारहि बंद. स्त्रियांनाहि तें द्वार बंद झालें. याहून कठोर गोष्ट अशी कीं, कित्येक लोकसमूह या चौकटीच्या पूर्णपणें बाहेर ठेवले गेले. त्यांची वस्ती गांवाबाहेर, त्यांचा स्पर्श निषिद्ध. म्हणजे विद्या ही कांहींची वंशपरंपरेची मालमत्ता ठरली आणि कष्ट हा इतरांचा वंशपरंपरेचा वांटा ठरला. या विषयांतील खरें दुःख येथें आहे.

आतां 'जाति' या शब्दाकडे वळूं. हा शब्द 'जन्' म्हणजे जन्मणें या धातूपासून झाला आहे. ज्या समूहांत मनुष्य जन्मतो तो समूह म्हणजे त्याची जाति. वर्ण चार आहेत आणि ते ग्रंथांतून सर्व देशाला सारखेच लागू केलेले आहेत. जाती हजारों आहेत आणि त्या प्रांताप्रांतांत निराळ्या आहेत. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण या संस्थेनें १९८५ सालीं आरंभिलेल्या पाहणींत सर्व धर्मांचे मिळून ४,६३५ समाज नोंदले गेले. एखाद्याला 'तुझी जात कोणती?' असें विचारल्यास तो 'वैश्य' किंवा 'क्षत्रिय' एवढेंच उत्तर सहसा देत नाहीं. तो आपल्या विशिष्ट समूहाचें नांव सांगतो. लग्न जुळवितांना पाहिली जाते ती जाति, आणि पुष्कळदां पोटजातिहि.

आपल्या महाराष्ट्रांतील जुन्या गांवाचा कारभार पाहिला म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होतो. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'गांव-गाडा' या ग्रंथांत या कारभाराचें सविस्तर वर्णन आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, महार, मांग, न्हावी, परीट, गुरव, जोशी, कोळी, मुलाणी हे बारा बलुतेदार म्हणून ओळखले जात; प्रांतपरत्वें या यादींत थोडाफार फरक असे. वर्षभर कुणब्याचें काम करावें व सुगीच्या वेळीं खळ्यावर धान्याचा ठरलेला वांटा, म्हणजे बलुतें, घ्यावें, अशी ती रीत होती. या यादींत चार वर्णांचा हिशेब कोठेंच नाहीं. इतकेंच नव्हे, तर मुलाणी हा मुसलमान असूनहि त्याला गांवगाड्यांत जागा होती. गोमंतकांतील ख्रिस्ती समाजांतहि बामण, चारडो, सुदिर असे भेद धर्मांतरानंतर शतकेंच्या शतकें टिकून राहिले. यावरून दिसतें कीं, जातीचीं पाळेंमुळें केवळ धर्मग्रंथांत नसून समाजाच्या व्यवहारांत खोल गेलेलीं होतीं. आणि म्हणून कोणत्याहि एका धर्माच्या माणसाला या बाबतींत दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळें होतां येत नाहीं.

मग या जाती उत्पन्न झाल्या कशा? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत याचें एक उत्तर दिलेलें आहे. चार वर्णांतील स्त्रीपुरुषांचे परस्पर संबंध होऊन जी संतति झाली तिच्या निरनिराळ्या जाती बनल्या, असें तें उत्तर आहे. यालाच वर्णसंकर म्हणतात. परंतु त्या यादींतील नांवें बारकाईनें पाहिलीं म्हणजे शंका येऊं लागते. 'मागध' आणि 'वैदेह' हीं मिश्र जातींचीं नांवें म्हणून दिलीं आहेत. वस्तुतः मगध व विदेह हे देश आहेत, आणि त्या देशांचे लोक ते मागध व वैदेह. 'आभीर' हे ब्राह्मण पिता व अंबष्ठ जातीची माता यांचे वंशज म्हणून सांगितले आहेत. परंतु आभीर हा एक मोठा पशुपालक लोकसमूह होता, आणि ईश्वरसेन नामक आभीर राजाचा लेख नाशिकच्या लेण्यांत आजहि पाहावयास मिळतो. खानदेशांतील अहिराणी या बोलीच्या नांवांत त्या लोकांचीच आठवण राहिली आहे. यवन, शक, पह्लव व चीन हे तर धर्मक्रिया सोडल्यामुळें पतित झालेले क्षत्रिय होत, असें तोच अध्याय सांगतो! याचा अर्थ स्पष्ट आहे. देशांत नाना प्रकारचे लोकसमूह आधींच नांदत होते. स्मृतिकारानें त्यांना चार वर्णांच्या चौकटींत कसेंबसें बसविण्याचा यत्न केला. चौकट आधीं व जाती मागाहून, असें नसून पुष्कळ समूह आधीं व त्यांचें ग्रंथांतील स्पष्टीकरण मागाहून, असा हा क्रम दिसतो.

इतिहासाभ्यासकांनीं जातींच्या उगमाचीं अनेक कारणें दाखविलीं आहेत. एक कारण म्हणजे वर सांगितल्याप्रमाणें निरनिराळ्या टोळ्या व लोकसमूह यांचा समाजांत झालेला समावेश. दुसरें कारण म्हणजे धंद्यांचे संघ. प्राचीन काळीं कारागिरांच्या व व्यापाऱ्यांच्या 'श्रेणी' असत. नहपान राजाचा जांवई उषवदात याच्या नाशिक येथील सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींच्या लेखांत अशी नोंद आहे कीं, त्यानें ३,००० कार्षापण भिक्षूंसाठीं ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकीं २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे व १,००० दुसऱ्या श्रेणीकडे. म्हणजे हे संघ पेढीसारखा विश्वासाचा व्यवहारहि करीत असत. अशा संघांतील मुलगे बापाचा धंदा शिकत व सोयरिकी आपसांत होत. त्यामुळें कालांतरानें कांहीं संघांचें जातींत रूपांतर झालें असावें. परंतु हें सर्वत्र सक्तीचें नव्हतें. माळव्यांतील मंदसोर, म्हणजे प्राचीन दशपुर, येथें पांचव्या शतकांतील एक लेख आहे. लाट देशाहून, म्हणजे दक्षिण गुजराथेंतून, तेथें आलेल्या रेशीम विणकरांनीं सूर्यमंदिर बांधल्याचें त्यांत सांगितलें आहे. आणि त्यांच्यापैकीं कोणी धनुर्विद्येंत, कोणी ज्योतिषांत, तर कोणी कथाकथनांत निपुण झाले, असेंहि त्यांत नमूद आहे. तिसरें कारण धर्मपंथांचें. बाराव्या शतकांत बसवेश्वरांनीं जातिभेदाविरुद्ध पंथ स्थापिला, परंतु पुढें त्या पंथांतहि पोटभेद उत्पन्न झाले.

ही सर्व कारणें खरीं असलीं तरी एक प्रश्न राहतो. जगांत धंदे, टोळ्या व पंथ सर्वत्र आहेत. मग जाति येथेंच इतकी घट्ट कां झाली? या प्रश्नावर दोन महाराष्ट्रीय विद्वानांनीं परदेशांत शिकत असतां फार मोलाचा विचार मांडला. पुढें ज्ञानकोशकार म्हणून प्रसिद्धीस आलेले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १९०९ सालीं निघाला. जातींत जन्मलेल्यालाच तिचें सभासदत्व मिळतें, आणि जातीबाहेर विवाह करण्यास मनाई असते, हीं दोन जातीचीं मुख्य लक्षणें त्यांनीं सांगितलीं. त्यानंतर ९ मे १९१६ रोजीं न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत भीमराव आंबेडकर यांनीं वयाच्या पंचविसाव्या वर्षीं एक निबंध वाचला. जातीचा प्राण म्हणजे आपल्याच समूहांत विवाह करण्याचें बंधन. हें बंधन एका वर्गानें आपल्यापुरतें घातलें आणि इतरांनीं त्याचें अनुकरण केलें, असा त्यांचा सिद्धान्त होता. दार एकानें लावलें म्हणजे बाहेर राहिलेल्यांनाहि आपापलें दार लावून घेण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं, हें त्यांचें म्हणणें आजहि विचार करावयास लावणारें आहे.

अलीकडील विज्ञानानें या सिद्धान्ताला निराळ्या बाजूनें पुष्टि दिली आहे. भारतीयांच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास करून हैदराबाद व अमेरिका येथील संशोधकांनीं २०१३ सालीं असें दाखविलें कीं, सुमारें ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वींच्या दीर्घ काळांत या देशांतील निरनिराळ्या लोकांचें मिश्रण मोठ्या प्रमाणावर झालें, आणि तें जवळजवळ सर्व समूहांत पोंचलें. नंतर मात्र आपसांतच विवाह करण्याची रीति दृढ झाली. तात्पर्य, आपले पूर्वज एकमेकांत मिसळलेले आहेत. भिंती मागाहून उभ्या राहिल्या. शुद्ध रक्ताचा अभिमान ज्याला वाटतो त्यानें ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी.

ग्रंथांतील नियम आणि प्रत्यक्ष आचरण यांत केवढें अंतर असे, याचीं उदाहरणें आपल्याच इतिहासांत आहेत. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यांत गौतमी बलश्री या राजमातेचा दुसऱ्या शतकांतील लेख आहे. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी यानें चार वर्णांचा संकर थांबविला, असें तींत अभिमानानें म्हटलें आहे. परंतु त्याच सातवाहन घराण्यांतील वासिष्ठीपुत्र सातकर्णी याची राणी परदेशी शक क्षत्रपाची कन्या होती, असें कान्हेरीच्या लेखावरून कळतें! सतराव्या शतकांत शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळीं त्यांच्या क्षत्रियत्वाचा प्रश्न निघाला. गागाभट्टांनीं तो सोडविला, महाराजांची मुंज करण्यांत आली, आणि ६ जून १६७४ रोजीं रायगडावर अभिषेक झाला. ज्यानें तलवारीनें राज्य निर्माण केलें त्यालाहि आपला वर्ण पंडितांकडून ठरवून घ्यावा लागला; यावरून वर्ण ही केवळ जन्मानें मिळणारी अचल वस्तु नसून तो मान्यतेचा व सत्तेचाहि प्रश्न होता, हें दिसून येतें.

या व्यवस्थेविरुद्ध आवाज बाहेरूनच आला असें मात्र नाहीं. छांदोग्य उपनिषदांतील सत्यकाम जाबाल याला आपलें गोत्र ठाऊक नव्हतें. आईनें सांगितलेलें सत्य त्यानें गुरूला जसेंच्या तसें सांगितलें, आणि त्या सत्यनिष्ठेवरूनच गौतम ऋषीनें त्याला शिष्य केलें. महाभारताच्या शांतिपर्वांत भरद्वाज भृगूला विचारतो कीं, काम, क्रोध, भय, भूक व श्रम हे सर्वांनाच सारखे होतात, मग वर्णांत भेद तो कसला? भृगूचें उत्तर असें कीं, मुळांत वर्णांत भेद नाहीं. तो कर्मांमुळें झाला. भगवान बुद्धांनीं आश्वलायन नामक तरुण ब्राह्मणाला दाखवून दिलें कीं, यवन व कांबोज देशांत स्वामी आणि दास असे दोनच वर्ग आहेत, व तेथें स्वामीचा दास आणि दासाचा स्वामी होऊं शकतो. आपल्या संतांनीं तर पंढरीच्या वाळवंटांत सर्वांना एकत्र आणिलें. तरीहि चोखोबांची समाधि देवळाच्या पायरीशींच राहिली, आणि त्या देवळाचें दार अस्पृश्य मानलेल्या भाविकांसाठीं उघडण्यास साने गुरुजींना मे १९४७ मध्यें उपोषण करावें लागलें.

शाळेच्या संबंधानें तर ही कहाणी आपल्या अधिकच जवळची आहे. १८५६ सालीं धारवाड येथें एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेशासाठीं अर्ज केला आणि तो नाकारला गेला. बाकावर बसण्याची एवढीशी मागणी. परंतु ती सरकारदरबारापर्यंत गेली. त्यापूर्वीं आठ वर्षें, १८४८ सालीं, जोतीराव फुले यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली होती व सावित्रीबाईंनीं तेथें शिकविण्यास आरंभ केला होता. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले होते. विद्येचें दार उघडलें कीं इतर दारेंहि उघडतात, हें त्यांनीं ओळखलें होतें. १९०२ सालीं कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं मागासलेल्या वर्गांसाठीं सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहस्रावधि अनुयायी प्याले. आणि २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या भारतीय राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदानें अस्पृश्यता नष्ट केली व तिचें आचरण गुन्हा ठरविला.

कित्येक जण म्हणतात, "जाति म्हणजे केवळ श्रमविभाग, त्यांत वाईट तें काय?" याला डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालीं उत्तर दिलें. ही कामाची विभागणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच, आणि तीहि एकावर एक अशा पायऱ्यांनीं केलेली, विभागणी आहे, असा त्याचा आशय आहे. श्रमविभागांत मनुष्य आपल्या आवडीचें व कुवतीचें काम निवडतो. जातींत काम मनुष्याला त्याच्या जन्मापूर्वींच निवडतें. हा भेद समजला म्हणजे या प्रश्नाचें मर्म समजलें.

कायदा दार उघडूं शकतो; दारांतून आंत आलेल्याला 'या, बसा' असें म्हणणें हें माणसाचें काम आहे. आजहि बहुसंख्य विवाह जातीच्या आंतच ठरतात, आणि आडनांव ऐकतांच मनांत हिशेब सुरू करण्याची खोड पुष्कळांची गेलेली नाहीं. पालकवर्गास आमची नम्र विनंति अशी आहे कीं, मुलाला शाळेंत नवा मित्र मिळाल्यास 'तो कोणांपैकीं?' हा प्रश्न घरांत प्रथम विचारला जाऊं नये. तो प्रश्न मूल शाळेंत शिकत नाहीं, घरींच शिकतें. आणि विद्यार्थिमित्रहो, दाखल्यावर जातीचा रकाना असला तर त्याला लाजूं नका व त्याचा गर्वहि वाहूं नका. कित्येकांच्या पूर्वजांवर झालेल्या अन्यायाची भरपाई करण्यासाठीं आज त्या नोंदीचें प्रयोजन आहे. मनुष्याची योग्यता मोजण्यासाठीं नाहीं. वर्ण आणि जाति यांचा इतिहास शिकावयाचा तो एवढ्यासाठींच कीं, ज्या भिंती आपल्याला पर्वतासारख्या अचल वाटतात त्या माणसांनीं रचलेल्या आहेत, हें कळावें, आणि आपल्या हातीं असलेला एखादा तरी दगड आपण काढून बाजूला ठेवावा.